लेकरू काय ऐकतंय?

'वेड पांघरून पेडगावला जाणं' हा वाक्प्रचार वर्गात घेतला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "बाई, आपण तर रोजच जातो." वाक्प्रचारातलं पेडगाव आमचं नव्हे. ते तिकडं श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी, बहादूरगडाचं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं, परभणी आणि मानवत रोडच्या मधल्या स्टेशनाचं. पण वेड पांघरायची कला काही एकाच गावाच्या मालकीची नसते. सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची गाणी ऐकताना तर मला हा वाक्प्रचार दर दोन दिवसांनी आठवतो.

मागच्या पावसाळ्यात पिठाच्या गिरणीत एका आईनं मला गाठलं. ज्वारीचा डबा पट्ट्याशेजारी ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, लेकरू रात्री एक वाजला तरी झोपंना. कानात ते कोंबून पडतंय. काय ऐकायलंय देव जाणे. बिघडलं तर नसंल ना?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बदलतात, चिंता तीच. पोरगं काय ऐकतं त्यावरून पोरगं कसं आहे हे कळतं, असं आपण धरूनच चालतो. भजन ऐकणारा सालस, डीजेपुढं नाचणारा उनाड, रडकी गाणी ऐकणारी पोरगी प्रेमात पडलेली. हा हिशेब कितपत खरा, आणि खरा नसेल तर घरातल्या माणसानं करायचं काय, हे या लेखात मांडते. आधी माझी स्वतःची फसगत सांगते, म्हणजे मी वरून बोलते आहे असं वाटणार नाही.

नववीच्या वर्गात एक मुलगा होता. तास चालू असताना बाकावर बोटं वाजवायचा. गणपतीत डीजेच्या गाडीपुढं सगळ्यात पुढं तोच. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "मुलाचं लक्ष नाही, संगत बघा." पुढं श्रावणात गावच्या सप्ताहात संध्याकाळी हरिपाठाला गेले, तर पखवाजावर तोच. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, डाव्या पुडीला नुकतीच लावलेली कणीक हातालाही लागलेली. वर्गात वाजवत होता ते हेच बोल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आता मी ठरवलं की हा तर मुळात भाविक मुलगा. तेही चुकलंच. दोन वर्षांनी परभणीला जाताना गाडीत भेटला, फोन माझ्यापुढं धरून म्हणाला, "बाई, खरं सांगू का, एकटा असलो की हेच ऐकतो." अरिजित सिंगची एकजात उदास गाणी होती. एकाच पोराच्या तीन तऱ्हा. मी दोनदा निकाल दिला आणि दोनदा तोंडावर पडले.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायला पाच पट्ट्या सगळ्यात जास्त वापरल्या जातात. नव्याची ओढ, कामातला चोखपणा, माणसांत रमण्याची आवड म्हणजे बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, आणि मन किती लवकर हेलकावतं ते. प्रत्येक माणूस या पाचही पट्ट्यांवर कुठंतरी असतो. कुणी नुसता 'बहिर्मुख' नसतो. २००३ साली पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युअल गॉसलिंग या दोघांनी अमेरिकेत साडेतीन हजारांहून जास्त लोकांच्या गाण्यांच्या आवडी तपासल्या. त्यांना आवडींचे चार गठ्ठे दिसले. एकात शास्त्रीय, जॅझ अशी विचार करायला लावणारी गाणी. दुसऱ्यात रॉक आणि हेवी मेटलसारखी तापलेली, बंडखोर. तिसऱ्यात सिनेमाची, धार्मिक, लोकप्रिय, आनंदी. चौथ्यात रॅप आणि नाचाची, ठेक्यावर चालणारी.

मग त्यांनी हे गठ्ठे स्वभावाशी जुळवून पाहिले. ठेक्याची गाणी आवडणारे बहिर्मुख निघाले, यात नवल नाही. आनंदी, सरळ गाणी आवडणारे मनमिळाऊ आणि चोख होते, पण नव्याची ओढ त्यांच्यात कमी. नवल होतं ते तापलेल्या, आरडाओरड्याच्या गाण्यांचं. ती आवडणारी मंडळी चिडकी किंवा अस्थिर नव्हती. उलट शास्त्रीय ऐकणाऱ्यांसारखीच नव्याची ओढ असलेली होती. म्हणजे ज्या पोराच्या खोलीतून ढणढणाट येतो म्हणून आपण दार आपटतो, ते पोरगं कदाचित घरातलं सगळ्यात कुतूहलाचं माणूस असेल. पुढं २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोघींनी असल्याच संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी मुद्दाम राग येईल असं केलं आणि मग त्यांचं आवडतं कर्कश संगीत ऐकू दिलं. राग वाढला नाही, उतरला. माणसं थोडी, आणि सगळी त्या संगीताची चाहती, तेव्हा याचा ध्वज करून फिरवायचं कारण नाही. पण 'असलं ऐकून पोरं भडकतात' हे वाक्य इतक्या खात्रीनं म्हणायचंही कारण नाही.

मला मात्र या सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो कॅनडातला अभ्यास, तोही २००३ चाच. श्वार्ट्‌झ आणि फाउट्स या संशोधकांनी १६४ किशोरवयीन मुलं घेतली. काही जड, कर्कश संगीतवाली, काही हलक्या-मधुर गाण्यांची, काही दोन्हीकडची. जड ऐकणाऱ्यांच्या अडचणी होत्या, त्या अपेक्षेप्रमाणं. पण हलकं ऐकणाऱ्यांच्याही होत्या. ही मुलं फार जबाबदारीनं वागणारी, नियमांना धरून चालणारी, आणि घरच्यांवर अवलंबून राहायचं की स्वतःच्या पायावर उभं राहायचं यात अडकलेली. वाढीच्या अडचणी कमी कुणाच्या, तर जी मुलं दोन्ही ऐकत होती त्यांच्या. आपल्याकडं पालकसभेत ज्या मुलीबद्दल एक ओळही बोलली जात नाही, कारण ती 'चांगली' आहे, तिची मला हे वाचल्यापासून जास्त काळजी वाटते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, झालं तर मग, चार गठ्ठे घ्या आणि पोरं त्यात टाका. पण ते गठ्ठे आमच्या गावात आणले की पहिल्याच दिवशी फाटतात.

चौदा एप्रिलची मिरवणूक घ्या. डीजेवर भीमगीत लागलेलं असतं. हे कुठल्या गठ्ठ्यात टाकणार? ठेका नाचाचा, म्हणून चौथ्यात? शब्द बंडाचे, म्हणून दुसऱ्यात? श्रद्धेचं आहे, म्हणून तिसऱ्यात? आणि वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) रचना असेल तर ती नीट ऐकणाऱ्याला विचार करायला लावते, म्हणजे पहिल्यातही गेली. नाचणाऱ्या पोरांतला एखादा बहिर्मुख म्हणून नाचतो, एखादा आजोबांनी सांगितलेलं आठवून नाचतो, आणि एखादा एरवी चार माणसांत बोलत नाही, पण त्या एका दिवशी सगळी गल्ली आपली असते म्हणून नाचतो. गाणं एकच, स्वभाव तीन.

हरिपाठाचंही तसंच. ते फक्त देवाचं म्हणून ऐकलं जातं असं नाही. टाळ घेऊन पावली टाकणं हा अंगाचा आनंद असतो, ते एक प्रकारचं नाचणंच. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वालीला बसलेल्यांत दर वेळी सगळे एकाच धर्माचे नसतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उर्दूचा कान आमच्याकडं घराघरांत उतरलेला आहे. गझल आवडणारा पोरगा 'वेगळ्या स्वभावाचा' असेलच असं नाही, आजोबांच्या रेडिओजवळ वाढलेला असेल. जिंतूरकडच्या तांड्यावर होळीला लेंगी गाणारी मुलं परभणीत कॉलेजला आली की तीच मुलं 'गुलाबी साडी'वर रील करतात. आवड स्वभावातून येते तशी घरातून येते, गल्लीतून येते, जातीतून आणि बोलीतून येते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर बेतलेल्या यादीला हे दिसणार कुठून?

संशोधकांनाही प्रकारांच्या नावांचा हा घोळ जाणवला. म्हणून पुढं २०१६ मध्ये डेव्हिड ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (रेंटफ्रोही त्यांत होते) नावं बाजूला ठेवून गाण्याचे गुण बघितले. त्यांना तीन गुण हाती लागले: गाण्यात जोर किती, भाव सुखाचा की दुःखाचा, आणि खोली किती. हे मला फार उपयोगाचं वाटतं. कारण ही तीन मापं हलगीलाही लागतात, ओवीलाही आणि रॅपलाही. पोरगं 'काय' ऐकतं हे विचारायच्या ऐवजी, ते ऐकतं त्यात जोर आहे का, भाव कोणता आहे, आणि शब्दांत किंवा सुरांत काही खोल आहे का, हे बघा. जोर आवडणारा पोरगा ढोल-ताशाकडूनही खूश होईल आणि पखवाजाकडूनही. माझ्या नववीतल्या मुलाचं कोडं इथं निम्मं सुटतं.

निम्मंच म्हणते, कारण स्वभाव आणि आवड यांचं नातं मुळातच बारीक आहे. २०१७ मध्ये शेफर आणि मेलहॉर्न यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब केला, तेव्हा बहुतेक नाती शून्याच्या आसपास निघाली. त्यातल्या त्यात नव्याची ओढ आणि आवड यांचं नातं टिकलं, तेही क्षीण. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ०.२ इतका सहसंबंध म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के उलगडा. बाकीचे ९६ टक्के दुसरीकडं आहेत. म्हणून फोनवर येणाऱ्या 'तुमचं आवडतं गाणं सांगा, आम्ही तुमचा स्वभाव सांगतो' असल्या चाचण्या आणि पोपटवाल्याची चिठ्ठी यांत मी फार फरक करत नाही. पोपट निदान दिसायला बरा असतो.

ते दुसरीकडचं आहे तरी काय? एक तर वय. दुसरं, फोन स्वतःच पुढचं गाणं लावतो. पोरानं निवडलंय की त्याच्यापुढं आलंय, हे त्यालाही सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोस्त. या वयात गाणं छातीवर लावलेल्या बिल्ल्यासारखं असतं: मी कुणाचा, आणि कुणाचा नाही, हे त्यावरून कळायला हवं. सकाळच्या गाडीत पेडगावहून परभणीला जाणारी पोरं बघा. घोळका चढला की एकाच्या फोनवर मोठ्यानं जे लागतं ते घोळक्याचं गाणं. त्यावर नाक मुरडायची कुणाची टाप नसते. पुढं जागा मिळून घोळका पांगला की कानात बड्स जातात आणि चेहरे बदलतात. पांघरलेलं वेड खुंटीला लागतं. तिथं काय वाजतं ते खरं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. दोन्ही मिळून ते पोर.

तेव्हा घरच्यांनी करायचं काय?

सगळ्यात आधी 'हे काय ऐकायलास?' हे वाक्य सोडा. आपल्या बोलीत तो प्रश्न राहिलेला नाही. ती चापट आहे. त्याऐवजी विचारा, "हे तुला पहिल्यांदा कुणी ऐकवलं?" उत्तरात मित्राचं नाव येतं, कधी मैत्रिणीचं, कधी एखाद्या लग्नाची हकीकत. किंवा विचारा, "ह्यातलं कोणतं कडवं चांगलंय?" मग पूर्ण गाणं ऐका. पूर्ण. अर्ध्यात "ह्याला काय गाणं म्हणायचं" असं तोंडातून निघालं की पुढचे सहा महिने दार बंद. आवडलं नाही तर नाही म्हणा, पण गाण्याबद्दल म्हणा, ऐकणाऱ्याबद्दल नको. "मला त्यातला आवाज फार कर्कश वाटला" हे पोरं ऐकून घेतात, वर समजावूनही सांगतात. "तुमच्या पिढीला काही कळत नाही" हे कुणीच ऐकून घेत नाही, आपणही घेतलं नव्हतं.

दुसरं, दिवसाच्या तीन वेळा बघा: घोळक्यात काय, काम करताना काय, रात्री एकटं असताना काय. शेवटचं बघायचं म्हणजे फोन चोरून तपासायचा नाही. त्यानं दाखवलं तर बघायचं. एकाच वेळेवरून निकाल दिला की माझ्यासारखं होतं.

तिसरं, आपली गाणी आधी दाखवा. १९८९ मध्ये होलब्रुक आणि शिंडलर यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा माणसाला सगळ्यात जास्त आवडणारी गाणी त्याच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपासची निघाली. आज पोराला दटावणारे कितीतरी बाप कॉलेजात असताना कुमार सानूच्या कॅसेटची रीळ पेन्सिलीनं गुंडाळत बसायचे. ते सांगा की पोरांना. ती गाणी कुठं ऐकली, कुणासाठी ऐकली, आजोबांनी टेपरेकॉर्डर का लपवला होता, सगळं सांगा. अब्रू जात नाही. माझ्या अनुभवात वाढते.

बंदीचा विचार मनात येत असेल तर एका मराठी माणसाची गोष्ट आठवा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून दहा वर्षं केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांची तळमळ खरी होती आणि आकाशवाणीनं त्या काळात शास्त्रीय संगीतासाठी पुष्कळ केलंही. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची, ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. मग देशभरची तरुण मंडळी काय रातोरात ख्याल ऐकायला लागली का? त्यांनी रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. केंद्र सरकारला जे पाच वर्षं जमलं नाही ते घरात वायफाय बंद करून जमेल, असं ज्यांना वाटतं त्यांना माझ्या शुभेच्छा.

आता अभ्यासाचं. ही तक्रार सगळ्या घरांत असते, आणि इथं स्वभावाचा उपयोग खरंच होतो. दोन भावंडं, एक खोली. थोरला गाणं लावल्याशिवाय गणित सोडवत नाही, धाकटीला गाणं लागलं की पुस्तकातली ओळ दिसेनाशी होते. आई म्हणते, "त्याला जमतंय तर तुला का नाही?" १९९७ मध्ये इंग्लंडात ॲड्रियन फर्नहॅम आणि ॲना ब्रॅडली यांनी नेमकं हेच तपासलं. गाणं चालू असताना लक्षात ठेवण्याच्या कामात अंतर्मुख मुलं बहिर्मुखांपेक्षा जास्त गोंधळली. अभ्यास अगदी छोटा होता, नंतरचे निष्कर्षही सगळे एका सुरात नाहीत. पण माणसागणिक हा फरक असतो एवढं धरून चालायला हरकत नाही. धाकटी नखरे करत नाही. तिच्या डोक्यात मुळातच आवाज पुरेसा असतो, बाहेरचा आला की भांडं सांडतं. थोरल्याला थोडी चलबिचल लागते.

पण थोरल्यालाही मोकाट सोडू नका. शब्द असलेलं गाणं आणि शब्द असलेला धडा एकाच वाटेनं डोक्यात शिरतात आणि दारात अडकतात. मराठी, इतिहास, इंग्रजी वाचताना गाणं बंद. वही उतरवताना, आकृत्या काढताना, सरावाची गणितं करताना चालेल. घरात वाद होत असेल तर दोन दिवस करून बघा: एका दिवशी गाणं लावून वीस ओळी पाठ करायच्या, दुसऱ्या दिवशी शांततेत तेवढ्याच नव्या वीस. दुसऱ्या सकाळी किती आठवतात ते पोरानंच मोजायचं. आपण मोजलं तर ते परीक्षा समजतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. उदास गाणी ऐकणं हा काही आजार नाही. फिनलंडच्या सुवी सारिकॅलिओ यांनी किशोरवयीन मुलं मनःस्थिती सावरायला गाणं कसं वापरतात याचा बराच अभ्यास केला आहे. रडून मोकळं व्हायला, एकटं नाही असं वाटायला, राग जिरवायला पोरं गाणं वापरतात आणि बहुतेकांना त्यानं बरं वाटतं. पण काहींच्या मनाला तोच विचार घोळवायची सवय असते. जखमेवरची खपली पुन्हापुन्हा काढावी तसं ते दुःख उकरत राहतात. तेच एक गाणं रात्रभर, आणि गाणं संपल्यावर चेहरा आधीपेक्षा पडलेला. म्हणून विचारायचं ते गाणं कसलं आहे हे नव्हे. ऐकून झाल्यावर पोरगं कसं असतं हे बघायचं. हलकं होऊन जेवायला येतं, तर सोडून द्या. आणखी मिटून जात असेल, जेवण-झोप तुटली असेल, दोस्त सुटले असतील, मरणाच्या गोष्टी बोलण्यात येत असतील, तर मग गाण्याबद्दल बोलूच नका, पोराशी बोला. त्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारलं म्हणून ते विचार नव्यानं येत नाहीत. डॉक्टरांकडं न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतीची सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर मी शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि कुणी पुसला तर पुन्हा लिहिते.

स्वभाव कसाही असो, कान सगळ्यांचे सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास झेपतो, मुलांना ७५. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. डीजेपुढं तो आकडा कधीच मागं पडलेला असतो. घरी करायची साधी परीक्षा: कानात घातलेलं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल, किंवा हातभर अंतरावरून मारलेली हाक पोराला ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडं. आणि लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, ती २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. सणावाराला सरकार काही दिवस सूट देतं, ती वेगळी. हे सांगायला गेलं की गावात वाईटपणा येतो. मी दोनदा घेतलाय.

हा लेख एखाद्या पोरानं किंवा पोरीनं वाचला तर त्यांच्यासाठी एवढंच: कुणाला दाखवायची नाही अशी दहा गाण्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. रेंटफ्रो आणि गॉसलिंग यांनी २००६ मध्ये अशाच दहा गाण्यांचा प्रयोग केला होता. काही जणांची आवडती दहा-दहा गाणी, त्यांना कधीही न पाहिलेल्या लोकांना ऐकवली आणि हा माणूस कसा असेल ते विचारलं. अंदाज अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. नव्याची ओढ किती, हे तर बऱ्यापैकी जमलं. एका गाण्यावरून काही कळत नाही, दहांवरून थोडं कळतं. यादी लिहून झाली की प्रत्येकापुढं जोर, भाव, खोली यांची खूण करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. काय गळलं, काय टिकलं ते बघा. घोळक्यात जे मोठ्यानं लावता ते या यादीत आहे का, हेही बघा. नसेल तर लाजायचं कारण नाही.

गिरणीतल्या त्या आईला एवढं सगळं कुठं सांगणार होते? पट्ट्याच्या आवाजात निम्मं ऐकूही येत नव्हतं. मी फक्त म्हणाले, "ते गाणं त्याला कुणी ऐकवलं तेवढं विचारा. अन् मग एक अख्खं गाणं ऐका, मधी बोलू नका."

पंधरा दिवसांनी पुन्हा गाठ पडली. म्हणाली, "विचारलं हो. 'माय, झोप तू' म्हणला."

"मग?"

"मग काय, झोपले. पण सकाळी डबा भरायले होते तर त्यानंच फोन फळीवर ठेवून मोठ्यानं लावलं."

"कोणतं होतं?"

"नाव कुठं माहीत मला. टाळ्या लई होत्या त्यात." पिठाचा डबा तिनं कमरेवर घेतला, झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं. "आवाज तेवढा कमी करायला लावला. शेजारची म्हातारी बिमार हाय."